दुकान आपले, माल कुणाचा?

गेल्या महिन्यात आम्ही जुन्नरला गेलो होतो. बाजारपेठेत आमच्या ओळखीच्या एका बुजुर्गांचे चहाचे हॉटेल आहे. वडिलांनी काढलेले आणि त्यांनी चाळीस वर्षे चालविलेले. चार बाकडी, दोन संगमरवरी टेबले, काचेच्या बरणीत खारी आणि नानकटाई, भिंतीवर बंद पडलेले घड्याळ. चहा पुढे ठेवून त्यांनी गल्ल्याखालून एक जाड कागद काढला आणि म्हणाले, “भाई, जरा वाचून द्या. पोरगा सही करायला निघालाय.”

कागद एका चहाच्या साखळी कंपनीच्या कराराचा होता. मुलाचा विचार असा, की हे जुने हॉटेल बंद करावे, जागा भाड्याने द्यावी आणि लेण्याद्रीच्या रस्त्याला कंपनीच्या नावाचे, रंगीत पाटीचे दुकान टाकावे. मुलगा आळशी नाही आणि नादानही नाही. त्याने सरळ सवाल केला, “चाचा, गिऱ्हाईक तिकडे चाललंय. मग आपण इथे बसून माश्या मारायच्या का?”

सवाल रास्त आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही जा, आपल्या बांधवांची चहाची हॉटेले, खानावळी आणि बेकऱ्या आहेत. त्यांच्यातील अनेकांच्या घरी आज हाच कागद आलेला आहे किंवा उद्या येणार आहे. म्हणून त्या बुजुर्गांना जे सांगितले, ते सर्व व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

साखळी दुकाने इकडे का येतात?

कंपन्या उगीच येत नाहीत. लेण्याद्री हे अष्टविनायकांपैकी एक स्थान. कुकडीच्या पलीकडे डोंगरात लेणी, सुमारे तीनशे पायऱ्यांची चढण आणि वर गिरिजात्मजाचे मंदिर. चतुर्थीला आणि सुट्ट्यांच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. समोर शिवनेरी आहे. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केले. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यांत शिवनेरीही आहे. म्हणजे गर्दी आणखी वाढणार. जिथे गर्दी तिथे धंदा, हे कंपनीला कळते तसे आपल्यालाही कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, की पुण्यातला अमृततुल्य चहा काही आजचा नाही. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पितळी भांड्यातला हा चहा पुण्यात रुजविला. ती एकेका घराची दुकाने होती. मालक स्वतः चहा उकळायचा आणि त्याची चव त्याच्या हातात असायची. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच नावाखाली साखळ्या निघाल्या. आता पाटी एक, रंग एक, मसाला एक. दुकान चालविणारा वेगळा आणि नावाचा मालक वेगळा.

या दुकानांत काही चांगले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दिवे लख्ख असतात, भांडी घासलेली असतात, चव रोज सारखी असते. मोबाईलवरून पैसे घेतात. बाईमाणूस मुलांना घेऊन बिनधास्त उभी राहते. आपल्या जुन्या हॉटेलांत काय असते, तेही आपण आरशात पाहावे. कपाचा कान तुटलेला, टेबल पुसायचे फडके टेबलापेक्षा मळके, हात धुवायच्या जागेजवळ उभे राहवत नाही. घरातल्या बाईला घेऊन आत शिरायचे म्हटले, तर माणूस दारातून परत फिरतो. गिऱ्हाईक तिकडे गेले, त्यात कंपनीच्या जाहिरातीचा वाटा आहे, तसाच आपल्या आळसाचाही आहे.

विलायतेतील उदाहरण

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ही ठेच कुणाला लागली, ते पाहण्यासाठी थोडे लांब, इंग्लंडला जाऊ. तेथील गावोगावच्या पबांचे काय झाले, त्याचा हिशेब आपल्या उपयोगाचा आहे.

पब म्हणजे दारूचा अड्डा. तो धंदा आपल्याला वर्ज्य आहे आणि ती दुकाने बंद पडली याचे आम्हाला दुःख होण्याचे कारण नाही. परंतु तेथील दुकानदार कसा बुडाला, याचा पेच दारूचा नाही. तो कराराचा आहे, आणि तोच पेच आज चहाच्या कपातून आपल्या पेठेत आला आहे.

इंग्लंडात पुष्कळ पबांची जागा दारू गाळणाऱ्या कंपनीच्या मालकीची असे. चालविणारा भाडेकरू. त्याने भाडे तर द्यायचेच, शिवाय बिअर त्याच कंपनीकडून, तिच्याच भावाने घ्यायची. बाजारात तीच बिअर स्वस्त मिळाली तरी त्याला घेता येत नसे. अशा दुकानाला तिकडे बांधलेले दुकान म्हणतात. १९८९ साली सरकारने पाहिले, की काही मोठ्या कंपन्यांनी सारा बाजार मुठीत धरला आहे. तेव्हा हुकूम निघाला : ज्या कंपनीकडे २,००० हून अधिक पब आहेत, तिने त्या वरच्या संख्येतले निम्मे पब बंधनातून मोकळे करावेत.

हेतू चांगला होता. झाले उलटेच. दारूच्या कंपन्यांनी पब घाऊक विकून टाकले. ते घेतले नव्या कंपन्यांनी, ज्या दारू गाळत नव्हत्या, केवळ पब बाळगत होत्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन कंपन्यांकडे ऐन भरात प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब होते. ही खरेदी त्यांनी कर्ज काढून केली होती. कर्जाचे व्याज कुठून काढायचे? भाडेकरूकडून. भाडे वाढले आणि बिअर तिच्यामार्फतच घेण्याची सक्ती कायम राहिली. १९८९ चा हुकूम २००३ साली रद्द झाला, भाडेकरूच्या गळ्यातला फास मात्र तसाच राहिला.

त्याच सुमारास बाजारात दुसरे गडी उतरले. सुपरमार्केटवाले बिअर इतकी स्वस्त विकू लागले, की लोक ती घरी नेऊन पिऊ लागले. आणि जे. डी. वेदरस्पून नावाची साखळी वाढली. १९७९ साली उत्तर लंडनमध्ये एका पबापासून सुरू झालेली ही साखळी पुढे आठशेहून अधिक पबांपर्यंत गेली. जुनी सिनेमागृहे, बँकांच्या रिकाम्या इमारती घ्यायच्या, जागा मोठी ठेवायची, जेवण आणि पेय दोन्ही स्वस्त द्यायचे, ही तिची रीत. तिला स्वस्त विकणे का परवडले? कारण ती कुणाची बांधलेली नव्हती. माल घाऊक घ्यायची आणि जो भाव पाडून देईल त्याच्याकडून घ्यायची. कोपऱ्यावरचा बिचारा भाडेकरू त्याच मालाला जास्त दाम मोजत होता. तो तिच्याशी भावात कसा लढणार?

पुढे २००७ साली इंग्लंडात सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली, २००८ पासून काही वर्षे बिअरवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा जास्त वाढत गेला, मंदी आली, मग २०२० ची टाळेबंदी. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. २०२० च्या सुमारास ते ४७ हजारांच्या घरात आले. सगळे काही बंधनामुळे बुडाले नाहीत. लोकांच्या सवयी बदलल्या, करही वाढले. पण वाईट दिवसांत जो मोकळा होता, त्याला माल बदलता आला, भाव बदलता आला, दुसरा धंदा जोडता आला. जो बांधलेला होता, त्याचे हात बांधलेलेच राहिले.

शेवटी २०१६ साली सरकारने नियमावली केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ५०० किंवा त्याहून अधिक बांधलेले पब असलेल्या कंपनीच्या भाडेकरूला ठराविक वेळी असे म्हणता येऊ लागले, की मी बाजारभावाने भाडे देतो, माल कुठून घ्यायचा ते माझे मी पाहीन. हा हक्क मिळायला १९८९ पासून सत्तावीस वर्षे गेली. तोवर हजारो दुकानांना कुलपे लागली होती.

आपल्या कपाचा हिशेब

आता त्या बुजुर्गांच्या हातातल्या कागदाकडे वळू. त्यात काय होते? सुरुवातीला एक मोठी रक्कम, नावाच्या वापराबद्दल, परत न मिळणारी. दुकानाची सजावट कंपनी सांगेल त्या माणसाकडून. चहा पावडर, मसाला, बिस्किटे, कागदी कपसुद्धा कंपनीकडूनच. भाव कंपनी ठरवील आणि कळवील. विक्रीचा दर दुकानदाराने बदलायचा नाही. मुदत पाच वर्षे. मध्येच सोडल्यास अनामत जप्त. आणि सोडल्यानंतर काही काळ त्याच गावात चहाचा दुसरा धंदा करायचा नाही.

कंपनीचे नाव आम्ही देत नाही. कागद एकीचा असला, तरी तो वाचताना प्रत्येकाने आपल्या हातातला कागद समोर ठेवावा.

केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडू. समजा, रोज ३०० कप चहा विकला जातो आणि दर कपामागे ३ रुपये सुटतात. महिन्याला ९,००० कप, म्हणजे २७,००० रुपये हातात. आता नावाचे ३ लाख रुपये भरले. पाच वर्षांवर वाटले तर महिन्याला ५,००० होतात. सक्तीचा माल खुल्या बाजारापेक्षा कपामागे फक्त १ रुपयाने महाग पडला असे धरू. म्हणजे ३ रुपयांचे २ राहिले. ९,००० कपांचे १८,००० झाले, त्यातून ५,००० गेले, हातात उरले १३,०००. पूर्वीचे २७,००० मिळवायचे असतील, तर महिन्याला १६,००० कप विकावे लागतील, म्हणजे रोज ५३० च्या वर.

पाटीमुळे ३०० चे ५३० होतील का? लेण्याद्रीच्या पायथ्याशी चतुर्थीला होतीलही. पण आषाढात, पाऊस कोसळत असताना, मंगळवारी दुपारी होतील का? होतील असे ज्याला मनापासून वाटते, त्याने सही करावी. आमची ना नाही. पण आकडे आपले घालावेत, कंपनीच्या माणसाने रंगीत कागदावर छापून आणलेले नव्हेत. आणि सजावटीचा खर्च, नोकराचा पगार, नव्या जागेचे भाडे आम्ही यात धरलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाब. आपल्या देशात अशा नावभाड्याच्या कराराकरिता स्वतंत्र कायदा नाही. तंटा झाला तर १८७२ चा करार कायदा आणि हातातला कागद, यावरच निवाडा होतो. २००२ च्या स्पर्धा कायद्यात सक्तीच्या खरेदीला हरकत घेण्याची सोय आहे, परंतु जुन्नरच्या चहावाल्याने दिल्लीपर्यंत जायचे कसे? म्हणून सही करण्याआधी वकिलाला दिलेले हजार-दोन हजार रुपये हे खर्चात धरू नयेत, ते विम्यात धरावेत.

हॉटेल गेले तर काय जाते?

मुलगा म्हणाला, “चहाच तर आहे. इथे नाही प्याला तर तिथे पितील.” येथे आमचे त्याच्याशी पटले नाही.

साखळीच्या दुकानात बहुधा खुर्ची नसते. उभ्याने प्यायचे, कागदी कप टाकायचा, पाच मिनिटांत मोकळे. कंपनीला ते सोयीचे आहे. लहान जागा, भाडे कमी, गिऱ्हाईक लवकर हलते. आपल्या जुन्या हॉटेलात मात्र माणूस बसतो. हॉटेलवाला चिडतो, की एका कटिंगवर तासभर बसतात. पण त्या तासाभरात काय होते?

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी जुन्नरच्या कुठल्याही हॉटेलात बसून पाहा. ज्याला घर बांधायचे आहे तो तेथे गवंडी शोधतो. लग्नघरचा माणूस गाद्या भरून घेण्यासाठी पिंजाऱ्याचा पत्ता विचारतो. भांड्यांना कलई करणारा, कुलपाच्या चाव्या करणारा, वेल्डिंगवाला, शिवणकाम करणारा, गाडीला सीटकव्हर घालणारा, या सर्वांची पेढी म्हणजे ते बाकडे. टोमॅटोच्या गाडीचे भाडे तेथे ठरते, जनावराचा सौदा तेथे होतो, उसनवारी तेथे फिटते, आणि निरोप गल्ल्यावर ठेवला तर पोहोचतो. आपल्या समाजात कारागीर पुष्कळ, पण स्वतःचे दुकान असलेले थोडे. ज्याला दुकान नाही, त्याला चहाचे हॉटेल हीच पाटी. ते बंद पडले तर त्याचा पत्ताच पुसला जातो.

आणि बेकरीवाला? पाव, खारी, टोस्ट, नानकटाई हा माल हॉटेलात खपतो. साखळीच्या दुकानात कंपनीचे पुडे येतात. म्हणजे एक हॉटेल बदलले, की एका बेकरीचे नित्याचे गिऱ्हाईक तुटते. दूधवाल्याचे तसेच. गंमत पाहा, जुन्नर-आंबेगावात साखरेचे कारखाने आहेत, विघ्नहर आणि भीमाशंकर. घरोघर दुधाचा धंदा आहे. साखर इथली, दूध इथले, पाणी कुकडीचे आणि घोडनदीचे, घाम आपल्या पोराचा, आणि नफ्याचा मोठा घास बाहेरच्या नावाचा.

इराण्याकडून काय घ्यावे?

जुने ते सगळे टिकते, असे आम्ही सांगत नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांकडे पाहावे. झरतुष्ट्री आणि मुसलमान, दोन्ही इराणी या धंद्यात होते. परक्या मुलखातून येऊन त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेले काढली. बन-मस्का, ब्रून, खिमा-पाव आणि चहा. टॅक्सीवाला आणि प्रोफेसर एकाच टेबलावर बसत. मुंबईत धोबी तलावाजवळ १९०४ पासूनचे कयानी आजही आहे, त्याच्या शेजारचे बस्तानी २००४ साली बंद झाले. एकाच नाक्यावर, एकाच धंद्यात, एक राहिले, एक गेले. पुण्यात डेक्कनला १९३५ साली हुसेन अली याक्षी यांनी सुरू केलेल्या गुडलकमध्ये आजही बसायला जागा मिळत नाही.

शेकड्यांनी असलेली ही हॉटेले मूठभर का उरली? स्वस्त उडपी आले, हे एक कारण. पण त्याहून मोठी कारणे घरात होती. भागीदार अनेक, कागद अपुरे. बाप गेला की भावाभावांत जागेवरून तंटा. जागेचा भाव इतका वाढला, की चहा विकण्यापेक्षा जागा विकण्यात फायदा दिसू लागला. मुले शिकून परदेशी गेली. काहींनी सोपी वाट म्हणून बिअरचे परवाने काढले, आणि जिथे कुटुंबे येत होती तिथे कुटुंबे येईनाशी झाली. यातून घ्यायचे ते असे : जागेचा कागद आणि वारसांची समजूत बापाच्या हयातीतच पक्की करावी. आणि जे गिऱ्हाईक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येते, त्याला तोडणारा जोडधंदा करू नये.

जुन्नरला तर घरचेच उदाहरण आहे. येथील कागदी घराण्यांचा हातकागद एकेकाळी नामांकित होता. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी कागद सापडतो, व्यापाऱ्यांच्या वह्या त्यावर लिहिल्या जात. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा संपला. हातकागद गिरणीच्या भावात देणे शक्यच नव्हते. त्या कारागिरांची चूक कामात नव्हती. पण वहीसाठी लागणारा साधा कागद गिरणी देणार आणि आपण दुसरे काही द्यायला हवे, हे ओळखायला त्यांना वेळ मिळाला नाही. आपल्याला अजून वेळ आहे.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, भावाची कुस्ती खेळू नये. त्याने दहाला दिला म्हणून आपण आठला देऊ, मग तो सातला देईल. त्याच्यामागे पन्नास दुकानांचा गल्ला आहे, आपल्यामागे एकच. आपल्याकडे जे आहे आणि त्याच्याकडे नाही, ते म्हणजे बसायची जागा आणि ओळख. ती नीट करावी. भिंतीला चुना, दोन दिवे जास्त, कप सगळे नवे, हात धुवायला साबण आणि पाणी, एक बाजू कुटुंबांसाठी. लेण्याद्री उतरून आलेल्या म्हाताऱ्या बाईला पाय मोकळे करून बसायला खुर्ची आणि स्वच्छ मुतारी दाखवा, ती दोन रुपये जास्त देऊन चहा घेईल आणि सोबतची पाच माणसे खारी खातील. इंग्लंडातल्या त्या साखळीनेही केवळ स्वस्ताईवर बाजार मारलेला नाही. मोठी जागा आणि सकाळपासून मिळणारे खाणे यांनीही तिचे गिऱ्हाईक वाढविले.

दुसरी गोष्ट, खरेदी मिळून करावी. कंपनीची ताकद चवीत नाही, घाऊक खरेदीत आहे. जुन्नर आणि आंबेगावातल्या दहा हॉटेलवाल्यांनी मिळून चहा पावडर पुण्याच्या मार्केट यार्डातून थेट उचलली, साखर पोत्याने घेतली, कप-बश्या आणि बिस्किटांचा भाव एकाच वेळी ठरविला, तर जो फायदा कंपनी आपल्याला विकते तो आपलाच आपल्याला मिळेल. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन हॉटेलवाले एका पोत्याला हात लावणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ऊस आणि दूध सहकाराने चालविणाऱ्या या तालुक्यांना एकत्र येणे शिकवावे लागू नये. इंग्लंडात कंब्रिया भागातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यात गावचा एकुलता पब कंपनीच्या हाती जाऊ नये, म्हणून २००३ साली गावकऱ्यांनी भाग काढून तो स्वतःच विकत घेतला. त्यांना जे आपल्या दारूच्या दुकानासाठी जमले, ते आपल्याला हलाल रोजीसाठी जमू नये काय?

तिसरी गोष्ट, सही करायचीच असेल तर पाच सवाल लेखी विचारावेत. माल दुसरीकडून घेता येईल का? मालाचा भाव वाढविताना मर्यादा काय? माझ्या दुकानापासून किती अंतरात दुसऱ्याला दुकान देणार नाही? मध्ये सोडल्यास काय परत मिळेल? सोडल्यानंतर मला माझ्या गावात चहा विकता येईल ना? तोंडी ‘हो हो’ म्हणणाऱ्याला म्हणावे, हेच कागदावर लिहून द्या. जो लिहून देईल त्याच्याशी व्यवहार करावा. जो टाळील त्याला एक चहा पाजून रवाना करावे.

चौथी गोष्ट मुलांबाबत. पोरगा नवे करायला निघाला, की बाप त्याला उतावळा म्हणतो आणि बाप जुने धरून बसला, की पोरगा त्याला अडाणी म्हणतो. दोघांचेही अर्धे खरे असते. मुलाला गल्ल्यावर बसवा, वही त्याच्या हाती द्या, पाटी त्याला रंगवू द्या, मोबाईलवर पैसे घेऊ द्या. जे तो परक्याच्या नावाखाली करायला तयार आहे, ते घरच्या नावाखाली करण्याची मुभा त्याला दिली, तर पुष्कळ मुले घराबाहेर जाणार नाहीत.

जुन्नर हे गावच मुळी व्यापाराच्या वाटेवर वसलेले. नाणेघाटातून माल वर यायचा आणि येथे थांबायचा. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दाता म्हणून कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचे, सुलसदत्ताचे, नाव कोरलेले आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार, असे जाणकार सांगतात. शिवनेरीच्या लेण्यांत एका यवनाने, म्हणजे परमुलखातल्या माणसाने, भिक्षूंना भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. जेवायला बसण्याची जागा ही दान देण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या परक्याला समजले होते. आणि जुन्नरच्याच लेण्यांत आणखी एक लेख आहे : सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके, दाता कोण, तर धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांची संघटना. एकट्या दुकानदाराला डोंगर फोडणे परवडले नसते. सर्वांनी मिळून फोडला, म्हणून सुमारे अठराशे वर्षांनंतरही त्यांचे काम उभे आहे.

त्या बुजुर्गांचे काय झाले, असे वाचक विचारतील. सही अजून झालेली नाही. मुलाने आमचे पाच सवाल कंपनीला पाठविले आहेत आणि उत्तराची वाट पाहतो आहे. दरम्यान, त्याने जुन्या हॉटेलाला चुना काढला, बाकडी रंगविली आणि बंद पडलेले घड्याळ दुरुस्तीला दिले. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर त्याला शोधावा लागला नाही. तो कोपऱ्यातल्या टेबलावर चहा पीत बसला होता.